शेतातील काडीकचऱ्यापासून जैवमिथेन : गिरणगावाचा धडा

मुंबईत भायखळ्याच्या पूर्वेस, रे रोड व कॉटन ग्रीन या स्थानकांच्या अलीकडे घोडपदेव ही जुनी कामगारवस्ती आहे. चाळी, कारखाने, गोदामे आणि आता नव्याने उभ्या राहिलेल्या उंच इमारती असे तिचे स्वरूप आहे. या वस्तीचा शेतीशी काही संबंध असेल, असे वरवर पाहणाऱ्यास वाटणार नाही. तथापि विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातील काळ्या जमिनीत पिकलेला कापूस गाठींच्या रूपाने याच परिसरातील गोदामांत येत असे व तेथून तो गिरण्यांत जात असे. येथे राहणारी कुटुंबेही बव्हंशी घाटावरून आणि कोकणातून आलेली. त्यांची शेते गावाकडे आणि मजुरी गिरणीत, अशी दुहेरी व्यवस्था कित्येक पिढ्या चालली.

कापसाच्या गाठीबरोबर शेतातील कचराही गिरणीत येतो. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते. परंतु सुकलेल्या पानांचे बारीक तुकडे, सरकीच्या टरफलाचे कण आणि माती रुईत अडकून राहतात. ब्लो रूम व कार्डिंग या खात्यांत रुई पिंजताना हा कचरा बाहेर पडतो. त्यातील उपयुक्त तंतू काढून घेण्यासाठी तो 'विलो' नावाच्या यंत्रातून नेला जातो. त्यानंतर जी बारीक, तंतुमय धूळ शिल्लक राहते ती 'विलो डस्ट' या नावाने ओळखली जाते. तिला बाजारात किंमत नसे. कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्यास 'बिसिनोसिस' हा फुप्फुसांचा विकार जडतो. साहजिकच या धुळीचे काय करावे, हा गिरण्यांपुढील रोजचा प्रश्न होता.

या प्रश्नाचे एक उत्तर घोडपदेवपासून काही किलोमीटरवर, माटुंग्याच्या एका प्रयोगशाळेत सापडले. शेतातील टाकाऊ पदार्थांपासून जैववायू तयार करण्याचा विचार आज गावोगावी होत आहे. अशा वेळी ते उत्तर काय होते आणि त्याचे पुढे काय झाले, हे जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

मुंबईतील पूर्वपीठिका

मुंबईला ज्वलनवायू नवा नाही. १८६५ साली शहरातील रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. बॉम्बे गॅस कंपनी हा वायू दगडी कोळसा बंदिस्त भट्टीत तापवून तयार करीत असे. तिच्या लालबाग येथील कारखान्यामुळे त्या भागाला 'गॅस कंपनी' हे नावच पडले.

जैविक क्रियेने मिळणाऱ्या वायूचा आरंभही याच शहरात झाला. माटुंगा येथे १८९० साली निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू झाला. तेथील मैल्याच्या बंद टाकीतून निघणारा वायू गोळा करून त्याचा उपयोग करण्याचा प्रयोग १८९७ साली करण्यात आला. भारतातील जैववायूच्या इतिहासात हा पहिला प्रयोग म्हणून नोंदला गेला आहे. इंग्लंडमधील एक्झेटर शहरात अशाच टाकीतील वायूवर दिवे पेटविण्यात आले त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढे १९३० नंतरच्या दशकात दादर येथील मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातही असा वायू मिळविण्यात आला.

मैल्यापासून वायू मिळतो, तर शेणापासून का मिळू नये, या विचाराने दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत डॉ. एस. व्ही. देसाई यांनी १९३९ च्या सुमारास प्रयोग केले. श्री. जशभाई पटेल यांनी १९५१ साली 'ग्रामलक्ष्मी' हा तरंगत्या टोपीचा संच तयार केला. मुंबईत मुख्यालय असलेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतरच्या दशकात हा आराखडा स्वीकारून देशभर पोहोचविला. गावकऱ्यांच्या तोंडी रुळलेला 'गोबरगॅस' हा शब्द त्याच काळातला. १९८१-८२ पासून राष्ट्रीय जैववायू विकास प्रकल्पामुळे या कार्याला वेग आला.

धुळीपासून वायू

माटुंगा येथे १९२४ साली कापसाविषयीची एक तंत्रप्रयोगशाळा स्थापन झाली. पुढे भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीत 'कॉटन टेक्नॉलॉजिकल रिसर्च लॅबोरेटरी' म्हणून ती ओळखली जाऊ लागली. १९९१ पासून तिचे नाव केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था असे आहे. तिच्यातील शास्त्रज्ञांनी १९८० नंतरच्या दशकात विलो डस्टवर प्रयोग केले.

ही धूळ म्हणजे प्रामुख्याने सेल्युलोज, म्हणजेच वनस्पतीच्या पेशीभित्तिकेचा मुख्य घटक. गुरे कडबा खाऊन जे पचवितात तेच हे द्रव्य. मग ते टाकीत का पचू नये? अडचण होती ती पाण्याची. नेहमीच्या गोबरगॅस संचात शेणाइतकेच पाणी घालून पातळ काला करावा लागतो. हलकी धूळ अशा काल्यात टाकली तर ती वर तरंगते व तिची साय धरते. म्हणून शास्त्रज्ञांनी 'शुष्क किण्वन' पद्धत अवलंबिली. धूळ भिजवून तीत शेणाचा काला विरजणाप्रमाणे मिसळावयाचा, ओलसर लगदा टाकीत एकदाच भरावयाचा, टाकी हवाबंद करावयाची आणि वायूचा ओघ कमी होईपर्यंत ती उघडावयाची नाही, अशी ही रीत होय. पाणी कमी लागते, रोज भरणा करावा लागत नाही आणि उरलेला लगदा खत म्हणून शेतात जाऊ शकतो. गिरणीच्या कचऱ्यातून वायू आणि खत दोन्ही मिळू शकतात, हे या प्रयोगांनी दाखवून दिले.

टाकीच्या आत काय घडते?

या प्रयोगाचे मर्म समजण्यासाठी टाकीतील क्रिया थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. गाईच्या पोटातील पहिला मोठा कप्पा ही निसर्गाने केलेली पाचक टाकी होय. तेथे हवा नसते, ऊब असते, ओलावा असतो आणि असंख्य सूक्ष्मजीव असतात. मानवनिर्मित टाकीत हीच परिस्थिती निर्माण करावयाची असते.

टाकीतील क्रिया चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात सेल्युलोज, पिष्ट, प्रथिने यांसारखे मोठे रेणू तुटून पाण्यात विरघळतात. दुसऱ्यात त्यांची आम्ले बनतात. तिसऱ्यात या आम्लांपासून मुख्यतः ॲसेटिक आम्ल, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. चौथ्यात मिथेनजनक सूक्ष्मजीव त्यांचे मिथेनमध्ये रूपांतर करतात. हे शेवटचे सूक्ष्मजीव सर्वांत नाजूक. त्यांना प्राणवायू सहन होत नाही, आम्लता वाढलेली चालत नाही आणि ३५ अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान विशेष मानवते. एकाच वेळी फार भरणा केला तर आम्ले झपाट्याने साचतात आणि मिथेनजनक मागे पडतात. टाकी 'आंबते' व वायू थांबतो. बैलाला एकाच दिवशी आठवड्याचे खाद्य घालून उरलेले सहा दिवस उपाशी ठेवले तर जे होईल तेच येथे होते.

म्हणूनच जैववायू संच हा यंत्रापेक्षा जनावराच्या जातीचा आहे, असे म्हणता येईल. त्याला वेळेवर, मापाने आणि मानवेल असेच खाद्य द्यावे लागते.

प्रत्येक कचरा सारखा नसतो

शेतातील सर्व टाकाऊ पदार्थ एकाच मापाने मोजणे चूक ठरते. येथे तीन कसोट्या लावाव्या लागतात.

पहिली कसोटी लिग्निनची. वनस्पतीला काष्ठाचा कणखरपणा देणारे हे द्रव्य हवाबंद टाकीत जवळजवळ पचत नाही. कापसाची पऱ्हाटी आणि तुरीच्या तुऱ्हाट्या काष्ठमय असल्याने पाचक टाकीसाठी त्या प्रतिकूल होत. त्यांचा उपयोग जळणाच्या कांड्या किंवा दाबून केलेले फळे तयार करण्यासाठी अधिक चांगला होतो. भाताचा पेंढा, गव्हाचे काड व उसाचे पाचट मध्यम प्रतीचे. त्यांची बारीक कुटी करून, भिजवून किंवा अन्य पूर्वप्रक्रिया करूनच ते वापरावे लागतात. हिरवा पाला, भाजीपाल्याचा कचरा आणि फळांचा चोथा लवकर पचतात.

दुसरी कसोटी कर्ब व नत्र यांच्या प्रमाणाची. सूक्ष्मजीवांना एक भाग नत्रामागे सुमारे २० ते ३० भाग कर्ब असलेले खाद्य मानवते. शेण या मर्यादेत बसते. भाताच्या पेंढ्यात हे प्रमाण ६० च्या वर आणि गव्हाच्या काडात त्याहूनही अधिक असते. म्हणून काडाबरोबर शेण, कोंबडखत यांसारखा नत्रयुक्त पदार्थ मिसळणे आवश्यक ठरते. विलो डस्टमध्ये शेणाचा काला मिसळल्याने सूक्ष्मजीव तर मिळतच, शिवाय नत्राची काहीशी भरही पडे.

तिसरी कसोटी पोषणमूल्याची. शेण म्हणजे जनावराने एकदा पचविलेले अन्न. त्यातील सोपा भाग आधीच निघून गेलेला असतो. पुणे येथील 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिष्टमय व शर्करायुक्त पदार्थांवर चालणारा छोटा घरगुती संच विकसित केला. अशा पदार्थांपासून शेणाच्या मानाने फार थोड्या वजनात आणि फार थोड्या वेळात वायू मिळतो, हे त्यातून स्पष्ट झाले. या कार्यास २००६ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला.

या तीन कसोट्यांच्याही आधी एक प्रश्न विचारला पाहिजे : ज्याला आपण कचरा म्हणतो तो खरोखर कचरा आहे काय? ज्वारीचा कडबा हा महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात गुरांचा आधार आहे. अवर्षणाच्या वर्षी कडब्याच्या पेंढीची किंमत शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. असा कडबा टाकीकडे वळविल्यास वायू मिळेल, परंतु दावणीची जनावरे उपाशी राहतील व पुढे शेणही मिळणार नाही. जे शेतात जाळले जाते, बांधावर कुजते किंवा कारखान्याच्या आवारात साचते, तेवढ्याचाच विचार प्रथम करणे योग्य होय.

जैववायूपासून जैवमिथेन

टाकीतून निघणाऱ्या वायूत साधारणतः ५५ ते ६० टक्के मिथेन आणि उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायूही असतो. तो यंत्रांचे धातूचे भाग खातो. चुलीसाठी हा वायू तसाच वापरता येतो. मात्र वाहनात भरावयाचा किंवा नळवाहिनीत सोडावयाचा असल्यास तो शुद्ध करावा लागतो. हायड्रोजन सल्फाइड लोहाच्या संयुगांवरून नेऊन काढला जातो. कार्बन डायऑक्साइड दाबाखालील पाण्यात विरघळवून, शोषक द्रव्यांच्या साहाय्याने किंवा विशिष्ट पडद्यांतून गाळून वेगळा केला जातो. भारतीय मानकानुसार अशा शुद्ध वायूत किमान ९० टक्के मिथेन असले पाहिजे. हाच जैवमिथेन होय. दाबून भरल्यावर तो सी.एन.जी. प्रमाणेच वापरता येतो.

केंद्र शासनाने २०१८ साली 'गोबरधन' आणि 'सतत' या योजना सुरू केल्या. शहरांतील वाहनांना व घरांना पुरविल्या जाणाऱ्या वायूत जैवमिथेनचा अंश असावा, असे धोरण २०२३ साली जाहीर झाले. २०२५-२६ साठी १ टक्का आणि टप्प्याटप्प्याने २०२८-२९ पासून ५ टक्के असे प्रमाण त्यात ठरविण्यात आले. याचा अर्थ असा की, घाटावरच्या शेतातील काडाचा वायू मुंबईतील चाळीच्या स्वयंपाकघरात पोहोचण्याचा मार्ग धोरणाच्या दृष्टीने मोकळा झाला आहे.

महाराष्ट्रात या दृष्टीने साखर कारखान्यांतील प्रेसमड विशेष महत्त्वाचा आहे. १०० टन उसामागे साधारण ३ ते ४ टन प्रेसमड निघतो व सुमारे २५ टन प्रेसमडपासून १ टन जैवमिथेन मिळू शकतो. म्हणजे रोज ५,००० टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात १५० ते २०० टन प्रेसमड आणि त्यातून ६ ते ८ टन वायू, असा हिशेब मांडता येतो. परंतु गाळप हंगाम वर्षातील काही महिनेच चालतो आणि उघड्यावर साठविलेल्या प्रेसमडमधील सेंद्रिय अंश दिवसेंदिवस घटत जातो. हंगाम संपल्यावर टाकीला काय घालावयाचे, याचे उत्तर हंगाम सुरू होण्यापूर्वीच शोधावे लागते.

गावाचा हिशेब

मोठे आकडे ऐकून गावाने दिपून जाऊ नये. साध्या गणिताने सुरुवात करावी. २५ किलोग्रॅम ताज्या शेणापासून सुमारे १ घनमीटर वायू मिळतो. १ घनमीटर वायू म्हणजे सुमारे साडेतीन किलोग्रॅम जळाऊ लाकूड अथवा सुमारे ०.४३ किलोग्रॅम सिलिंडरचा गॅस. एखाद्या गावात रोज १ टन शेण गोळा होत असेल तर ४० घनमीटर वायू मिळेल, म्हणजे सुमारे १७ किलोग्रॅम सिलिंडरच्या गॅसइतके इंधन. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. तेव्हा १ टन शेण गोळा करण्याची, वाहून आणण्याची आणि तितकेच पाणी घालण्याची रोजची खटपट सव्वा सिलिंडरासाठी होईल. गोठ्याजवळच्या घरगुती संचास ही वाहतूक पडत नाही. म्हणून तो परवडतो. शुद्धीकरणाची यंत्रसामग्री मात्र एवढ्या वायूवर परवडणार नाही. जैवमिथेनचा प्रकल्प अनेक गावांनी, सहकारी संस्थेने किंवा कारखान्याने मिळून उभारावयाचा असतो.

या हिशेबात खताची बाजू धरली नाही तर तो अपुरा राहतो. पचनानंतर कर्बाचा काही भाग वायूरूपाने निघून जातो. नत्र, स्फुरद व पालाश मात्र बहुतांशी स्लरीत टिकून राहतात. ही स्लरी शेतात परत गेली तर जमिनीचे देणे जमिनीला मिळते. ती टाकीशेजारी खड्ड्यात साचून राहिली तर डास, दुर्गंधी आणि तक्रारी वाढतात, व वायू देणारा प्रकल्पही लोकांना नकोसा होतो.

गिरणगावात पुढे काय झाले?

आता पुन्हा गिरणगावाकडे वळू. माटुंग्याच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली क्रिया शास्त्रदृष्ट्या योग्य होती. परंतु तिला लागणारा कच्चा माल गिरणी चालू असेपर्यंतच मिळणारा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. घोडपदेव येथील न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. सूत थांबले तेव्हा धूळही थांबली. मुंबईत ज्या कचऱ्याचा प्रश्न सोडवावयाचा होता, तो कचरा निर्माण करणारा व्यवसायच उरला नाही. हे ज्ञान मात्र वाया गेलेले नाही. कमी पाण्यात, तंतुमय पदार्थ मोठ्या प्रमाणावर पचविण्याची तीच रीत आज पेंढा व काड यांच्या संदर्भात उपयोगी पडण्यासारखी आहे.

यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. जैववायूचा संच स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. त्याच्या मागे कच्चा माल पुरविणारा एखादा चालता व्यवसाय आणि पुढे वायू व खत घेणारे ग्राहक असावे लागतात. गिरणी, गोठा, साखर कारखाना किंवा भाजीबाजार यांपैकी ज्याच्यावर संच अवलंबून आहे त्याचे भवितव्य तेच संचाचे भवितव्य होय. अनुदान मिळाले म्हणून बांधलेल्या आणि शेणाअभावी कोरड्या पडलेल्या टाक्या हाच धडा लहान प्रमाणावर देतात.

सुरक्षिततेची आवश्यकता

पाचक टाकीत किंवा स्लरीच्या बंद खड्ड्यात कोणीही उतरू नये. आत प्राणवायू नसतो आणि हायड्रोजन सल्फाइडमुळे क्षणार्धात शुद्ध हरपते. पहिल्याला वाचविण्यासाठी उतरलेला दुसराही दगावतो. साफसफाईचे काम प्रशिक्षित व्यक्तींनी, योग्य साधनांनिशी आणि बाहेरूनच करावे. वायूची गळती ही केवळ इंधनाची हानी नव्हे. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता रोखून धरतो. वापरात नसलेला वायू हवेत सोडण्याऐवजी जाळून टाकणेच इष्ट होय.

ग्रामसभेपुढील प्रश्न

प्रकल्पाचा प्रस्ताव ग्रामसभेपुढे आल्यास सदस्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत.

१. टाकीला रोज लागणारा कच्चा माल कोठून येणार? पावसाळ्यात, उन्हाळ्यात आणि हंगाम संपल्यावर तो किती मिळेल?

२. हा माल आज कोणाच्या उपयोगी पडतो? तो वळविल्याने गुरांच्या चाऱ्यावर किंवा गरीब कुटुंबांच्या जळणावर परिणाम होईल काय?

३. लागणारे पाणी एप्रिल-मे महिन्यांत उपलब्ध असेल काय?

४. वायू कोण घेणार, कोणत्या दराने, आणि तसा करार झाला आहे काय?

५. स्लरी कोणाच्या शेतात, कशी पोहोचणार?

६. टाकीची रोजची देखभाल करणारी व्यक्ती कोण, आणि तिच्या वेतनाची तरतूद कोठे केली आहे?

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज शिकविता येईल. बंद बाटलीत शेणकाला भरून तिच्या तोंडाला फुगा बांधला व ती उबदार जागी ठेवली, तर काही दिवसांत फुगा फुगू लागतो. हा प्रयोग विस्तवापासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा. एका बाटलीत नुसते काड, दुसरीत काड व शेण, तिसरीत नुसते शेण ठेवल्यास कच्च्या मालातील फरक मुलांना डोळ्यांनी दिसेल. गावातील शेण, पाचट व पेंढा यांची मोजदाद हाही विद्यार्थ्यांसाठी उत्तम उपक्रम ठरेल. त्या मोजणीचा कागद ग्रामसभेपुढे ठेवता आला, तर वरील सहा प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर गावाच्या हाती आधीच आलेले असेल.